थापटणें

मनुष्यानें एखाद्या तत्त्वाचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र त्या तत्त्वाची किंमत आपण आपल्या गांठीची देत आहों कीं शेजाऱ्याच्या, हें त्यानें मधून मधून पाहात जावें. आम्हीं हें कित्येक वर्षांत पाहिलें नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं एका रात्रीं तें आम्हांला पाहावें लागलें, आणि तें दाखविणारी वस्तु अंगठ्याच्या नखाहून फारशी मोठी नव्हती.

आम्ही धाराशिवास राहतों. शाळेंतून निवृत्त झाल्यावर ज्या वस्तूंनीं आमची सोबत केली त्यांत एक लॅपटॉप होता. दहा वर्षांच्या वापरानें तो इतका मंदावला होता कीं सकाळीं कळ दाबून आम्ही चहा करावयास जात असूं, आणि आमचा चहा पिऊन होई तेव्हां कुठें त्याचे डोळे उघडत. शेवटीं त्याच्यावरची विकतची ऑपरेटिंग सिस्टिम काढून टाकून आम्हीं तेथें लिनक्स घातली, आणि म्हातारा पुन्हां चालूं लागला.

लिनक्सचें नांव घरोघर ठाऊक नसलें तरी तिचा गाभा घरोघर आहे. अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाइलच्या पोटांत तोच असतो. लायनस टोर्व्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तो लिहून जगापुढें खुला ठेवला. त्यापूर्वीं, १९८३ सालीं, अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला होता. त्या संकल्पाच्या मुळाशीं एका छपाईयंत्राची गोष्ट आहे. स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेंतलें हें यंत्र वारंवार कागद अडकवून बसे. त्याची आज्ञावली हातीं आली तर त्यावर तोड काढतां येईल, म्हणून ते ती मागावयास गेले. परंतु ज्या गृहस्थापाशीं ती होती त्यानें ती देण्यास साफ नकार दिला, कारण कोणास न देण्याचें वचन तो देऊन बसला होता. आपल्या घरांतलें यंत्र दुरुस्त करण्याची विद्या दुसऱ्याच्या तिजोरींत असावी, ही गोष्ट स्टॉलमन यांना सोसली नाहीं. ती आम्हांलाही सोसत नाहीं, आणि हें आम्ही भेटेल त्याला सांगत असतों.

आमच्या शेजारीं शिवणकाम करून संसार चालविणारी एक बाई व तिची मुलगी राहात. मुलगी बारावीस होती. आम्हांला नवा संगणक मिळाला तेव्हां जुना लॅपटॉप आम्हीं त्या मुलीला दिला, आणि त्याच्याबरोबर वर लिहिलेलें सारें व्याख्यानही दिलें. मुलीनें दोन्ही गोष्टी मुकाट्यानें घेतल्या.

या लॅपटॉपला एक व्यंग होतें. वायफाय पकडण्याचा त्याचा स्वतःचा अवयव निकामी झाला होता. त्याच्या जागीं आम्हीं पूर्वींच बाजारांतून एक डोंगल आणला होता. यूएसबीच्या खांचेंत खोंचावयाचा, पांचशें रुपयांच्या आंतला. तो प्रथम खोंचला तेव्हां कांहींच झालें नाहीं. जोडलेल्या यंत्रांची यादी दाखविणारी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली, तों यादींत वायफायचें यंत्र नाहींच. तेथें दिसली एक सीडी! दुकानदारानें भलतीच वस्तु गळ्यांत बांधली कीं काय, असें आम्हांला वाटलें. पुढें उलगडा झाला. अशा पुष्कळ डोंगलांच्या पोटांत दुसऱ्या प्रणालीला लागणारी आज्ञावली भरून ठेवलेली असते. ती उतरवून घेतां यावी म्हणून ते प्रथम सीडीचें सोंग घेतात, आणि काम झालें म्हणजे सोंग टाकून वायफाय होतात. लिनक्सवर हें सोंग ‘यूएसबी-मोडस्विच’ या आज्ञेनें उतरवावें लागतें. आमच्या डोंगलाचा ओळखक्रमांक आधीं १ए२बी होता; आज्ञा मिळतांच तो सी८११ झाला. वस्तु तीच, खांच तीच. नांव मात्र दुसरें.

धाराशिवकरांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. सातवे निजाम मीर उस्मान अली यांच्या नांवावरून पडलेलें उस्मानाबाद हें नांव जाऊन २०२३ सालीं आमच्या शहराचें व जिल्ह्याचें नांव धाराशिव झालें. आणि आजही एकाच विद्यार्थ्याच्या एका दाखल्यावर एक नांव असतें व दुसऱ्यावर दुसरें. दोन्ही नांवें एकाच गांवाचीं, हें माणसांना सांगावें लागत नाहीं, यंत्रांना लागतें.

सोंग उतरलें तरी काम भागलें नाहीं. ड्रायव्हर हवा होता. संगणकांतला ड्रायव्हर म्हणजे गाभा आणि जोडलेलें यंत्र यांच्यामधला दुभाषा. आमच्या लॅपटॉपवरच्या जुन्या गाभ्यांत या डोंगलाचा दुभाषा नव्हता. कोणा सज्जनांनीं तो लिहून सर्वांसाठीं खुला ठेवला होता. तो उतरवून घेऊन आपल्या गाभ्याच्या मापानें घडवावयाचा होता.

माप हा शब्द आम्हीं जाणून वापरला आहे. आमच्या जिल्ह्यांतल्या वडील मंडळींना बार्शी लाइट रेल्वे आठवत असेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरची ही गाडी १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली, व पुढें येडशी-ढोकीवरून लातूरपर्यंत गेली. तिच्या रुळांतलें अंतर अडीच फूट, मोठ्या लाइनीचें साडेपांच फूट. डबा कितीही मजबूत असला तरी अडीच फुटांचा डबा साडेपांच फुटांच्या रुळांवर चालत नाहीं. म्हणून कुर्डुवाडीस माल एका गाडींतून काढून दुसरींत भरावा लागे. ड्रायव्हरचें तसेंच आहे. ज्या गाभ्याच्या मापानें तो घडविला त्याच गाभ्यावर तो चालतो. गाभ्याची आवृत्ति बदलली म्हणजे रूळ बदलले. मग डबा पुन्हां घडवावयास हवा.

आम्हीं तो घडविला. तीन संध्याकाळी त्यांत गेल्या. वायफायची खूण पडद्याच्या कोपऱ्यांत उगवली तेव्हां आम्हांला जो आनंद झाला तो आमच्या निवृत्तीच्या समारंभांतही झाला नव्हता. या आनंदाच्या भरांत दोन गोष्टी राहून गेल्या. काय काय केलें तें आम्हीं कोठेंच लिहून ठेवलें नाहीं. आणि गाभा बदलला कीं ड्रायव्हर आपोआप पुन्हां घडवून ठेवणारी ‘डीकेएमएस’ नांवाची सोय असते, तिच्याकडे ‘पुढें पाहूं’ म्हणून आम्हीं दुर्लक्ष केलें. आमच्या जिल्ह्यांतले अरुंद रूळ जाऊन २००८ सालापर्यंत रुंद रूळ आले. तें काम सर्वांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षें चाललें होतें. संगणकांत मात्र रूळ चहा पिऊन होण्याच्या आंत बदलतात, आणि जुने डबे जागच्या जागीं उभे राहतात.

आतां त्या रात्रीची हकीकत. एका प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. रात्रीं बारा वाजतां मुदत संपणार होती. उत्पन्नाचा दाखला त्याच दिवशीं हातीं आल्यामुळें मुलीचा नाइलाज झाला होता. आईच्या मोबाइलवर तिनें अर्ज भरून पाहिला, पण फोटो आणि सही ठराविक मापाची करून चढविण्याचें काम तेथें साधेना. शिवाय बाकीचे सारे कागद लॅपटॉपमध्यें होते. रात्रीं आठ वाजतां ती लॅपटॉप उराशीं धरून आमच्याकडे आली.

“सर, नेट येईना झालंय. दुपारी त्यानं अपडेट करू का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं, तेव्हापासनं बंद आहे.”

दुखण्याचें संपूर्ण निदान या दोन वाक्यांत होतें. आम्हीं तें ऐकलें, पण लक्षांत घेतलें नाहीं.

“चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरून देतात,” ती म्हणाली. “ते नऊला बंद होतं. तिकडं जाऊ का?”

“कशाला?” आम्ही म्हणालों. “पांच मिनिटांचें काम आहे.”

मग आम्हीं डोंगल काढला आणि घातला. दुसऱ्या खांचेंत घातला. त्यावर फुंकर मारली. लॅपटॉप बंद करून पुन्हां चालू केला. त्यानेंही भागेना, तेव्हां आमच्या मोबाइलवर लोकांनीं सांगितलेले उपाय शोधून एकेक उपाय आम्ही टंकूं लागलों. यांतला प्रत्येक उपाय कोणाच्या तरी दुसऱ्या यंत्राच्या दुसऱ्या दुखण्यावरचा होता. वैदूच्या पोतडींतली एक मुळी लागू पडेना म्हणजे दुसरी उगाळावी, तसें आम्ही करीत होतों. आणि थोड्या वेळानें मूळचें दुखणें कोणतें आणि आमच्या मुळ्यांनीं आणलेलें कोणतें, हेंही कळेनासें झालें. नऊ वाजले; चौकांतलें दुकान मिटलें. साडेनऊ झाले. दहा झाले. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसून घड्याळाकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होती. तिची आई केव्हां तरी दाराशीं येऊन उभी राहिली होती. ती कांहीं बोलली नाहीं. आमच्या बोलण्यावर तिचा विश्वास होता, आणि त्या क्षणीं आम्हांला त्याचेंच ओझें झालें होतें.

“ड्रायव्हर पुन्हां घडवावयाचा तर नेट पाहिजे,” आम्ही शेवटीं म्हणालों, “आणि नेट पाहिजे तर ड्रायव्हर पाहिजे! किल्ली पेटींत आणि पेटीला कुलूप!” कांहीं खोल सिद्धान्त सांपडल्यासारखा आमचा स्वर झाला होता.

मुलगी हळूच म्हणाली, “सर, आईच्या फोनचं नेट वायरीनं लॅपटॉपला देता येतं ना? आमच्या वर्गातली मुलं देतात.”

मोबाइल यूएसबीच्या तारेनें लॅपटॉपला जोडला. मोबाइलच्या सेटिंगांत एक खूण केली. लॅपटॉपनें तें नेट तत्काळ स्वीकारलें, कारण त्या कामाचा दुभाषा गाभ्यांत आधींपासूनच बसलेला असतो. दहा वाजून वीस मिनिटांनीं अर्जाचें पान उघडलें. पत्त्याच्या रकान्यांत धाराशिव, आणि जोडावयाच्या एका जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद. मुलगी तेथें अडखळली नाहीं. अकराला पांच मिनिटें कमी असतां पैसे भरल्याची पावती आली. आईनें तार काढून मोबाइल पदरानें पुसला, “सर, लई उपकार झाले” असें म्हटलें, आणि त्या दोघी गेल्या.

हे उपकार आम्हांला फार बोंचले. आम्हीं त्या मुलीला दोन तासांहून अधिक वेळ रोखून धरलें होतें. अर्ज भरणें हें तिचें काम. ड्रायव्हर दुरुस्त करणें हें आमचें. आम्हीं आमचें काम तिच्या कामाच्या आड आणून उभें केलें होतें. मुदत टळली असती तर एक वर्ष तिचें गेलें असतें, आमचें नव्हे. ज्या गृहस्थानें स्टॉलमन यांना आज्ञावली नाकारली त्यानें निदान आपलें वचन राखलें. आम्हीं काय राखलें? आज्ञावली साऱ्या जगाला खुली होती हें खरें. परंतु ती आमच्या लॅपटॉपवर कशी बसविली हें आमच्या डोक्यांत कोंडलेलें होतें, आणि आमचें डोकें तें विसरलें होतें. त्या मुलीच्या दृष्टीनें तो लॅपटॉप कुलूपबंदच होता. फरक इतकाच कीं किल्ली कोणा कंपनीच्या तिजोरींत नसून शेजारच्या एका विसराळू म्हाताऱ्यापाशीं होती. जें खुलें आहे तें दुसऱ्याला उघडतां येईल असें लिहून ठेवल्याशिवाय तें त्याच्यापुरतें खुलें होत नाहीं, ही साधी गोष्ट आम्हीं एवढीं व्याख्यानें देऊनही ध्यानांत घेतली नव्हती.

आमच्या जिल्ह्यांतलें तेर हें गोरोबाकाकांचें गांव. एकदां संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईनें त्यांना विचारलें, यांतलीं मडकीं पक्कीं कोणतीं आणि कच्चीं कोणतीं? गोरोबाकाकांनीं थापटणें उचलून एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलें. बाकीचे स्वस्थ बसले. नामदेव रागावले, आणि तेंच मडकें कच्चें ठरलें. ही कथा आम्हीं वर्गांत कित्येक वेळां सांगितली असेल. सांगतांना आम्ही नेहमीं थापटणें धरणाराच्या बाजूला असूं. त्या रात्रीं बाजू बदलली. “वायरीनं देता येतं ना?” ही टिचकी अगदीं हलकी होती; पण आवाज बद्द आला, आणि तो आमचाच होता.

कुंभाराची परीक्षा करण्याची रीत मात्र त्या निमित्तानें आम्हांला उमगली. तो मडक्यावर एकदम चहूंकडून मार देत नाहीं. एका ठिकाणीं ठोकतो, कान देऊन ऐकतो, मग मडकें किंचित् फिरवून दुसऱ्या ठिकाणीं ठोकतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लॅपटॉप मागवून घेऊन आम्ही तसें बसलों. एका वेळीं एकच प्रश्न, आणि त्याचें उत्तर ऐकल्यावांचून दुसरा नाहीं. पहिला प्रश्न: डोंगल संगणकाला दिसतो का? गाभा आपल्या घडामोडींची रोजनिशी ठेवतो, ती ‘डीमेसग’ या आज्ञेनें वाचली. डोंगल दिसत होता. दुसरा: कोणत्या नांवानें? यादींत सी८११ होतें. म्हणजे सोंग उतरलेलें होतें, दोष तेथें नव्हता. तिसरा: ड्रायव्हर हांकेला ओ देतो का? ‘मॉडप्रोब’नें हांक मारली, उत्तर आलें कीं या नांवाचें मॉड्यूल सांपडत नाहीं. चौथा: सध्यां चालू असलेला गाभा कोणत्या आवृत्तीचा? ‘यूनेम’नें जी आवृत्ति सांगितली ती नवी होती, आणि आमचा ड्रायव्हर जुन्या आवृत्तीच्या कप्प्यांत निवांत पडला होता. दुपारच्या अपडेटनें रूळ बदलले होते. मुलीनें दाराशींच सांगितलेलें कारण तें हेंच. चार टिचक्या, आणि दहा मिनिटेंही लागलीं नाहींत.

उपायही सोपेच निघाले. लॅपटॉप सुरू होतांना मागच्या आवृत्तीचा गाभा निवडतां येतो. तो निवडला असता तर आदल्या रात्रीं सव्वाआठ वाजतांच वायफाय परत आलें असतें. कायमचा उपाय असा कीं मोबाइलचें नेट तारेनें घेऊन नव्या गाभ्याचीं ‘हेडर’ म्हणजे मापाचीं पत्रकें उतरवावीं, आणि ड्रायव्हर डीकेएमएसच्या स्वाधीन करावा. म्हणजे पुढें रूळ बदलले तरी डबा त्या मापानें आपोआप घडत जातो. तसें आम्हीं केलें. फेब्रुवारी २०२३ मध्यें आलेल्या ६.२ या आवृत्तीपासून अशा कांहीं डोंगलांचे ड्रायव्हर गाभ्यांतच समाविष्ट झाले आहेत, त्यामुळें नव्या आवृत्तीवर ही यातायात बरीच टळते. तरीही डोंगल घेतांना खोक्यावरचें नांव पाहून भुलूं नये. आंतली चिप कोणती तें विचारावें. एकाच नांवाच्या खोक्यांत आज एक चिप असते, उद्यां दुसरी.

हे दुभाषे लिहितो कोण? त्यांतल्या एकाची माहिती वाचून आम्ही खजील झालों. लॅरी फिंगर हे अमेरिकेंतले स्फटिकशास्त्रज्ञ. कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेंत त्यांनीं उमेदीचीं वर्षें घालविलीं. एल साल्वाडोरमधल्या इझाल्को ज्वालामुखीपाशीं सांपडलेल्या एका खनिजाला त्यांच्या नांवावरून फिंगराइट असें नांव मिळालें आहे. एवढ्यावर संतुष्ट होऊन कोणीही आरामखुर्ची धरली असती. परंतु निवृत्तीनंतर, २००५ सालापासून, ते लिनक्सच्या वायफाय-ड्रायव्हरांच्या मागें लागले, आणि रिअलटेकसारख्या कंपन्यांच्या चिपांचे ड्रायव्हर त्यांनीं वर्षानुवर्षें नव्या नव्या गाभ्यांच्या मापानें घडवून ठेवले. ज्यांचा डोंगल चालत नाहीं अशा अनोळखी माणसांच्या प्रश्नांना ते स्वतः उत्तरें देत. जून २०२४ मध्यें ते वारले. निवृत्त ते होते, आणि निवृत्त आम्हीही आहों. त्यांनीं आपली किल्ली कोणालाही सांपडेल अशा जागीं टांगून ठेवली; आम्हीं आमची खिशांत घालून स्वातंत्र्यावर भाषणें केलीं.

त्याच सकाळीं आम्हीं एक कागद घेतला, आणि वरचे चार प्रश्न व मागची आवृत्ति निवडण्याची रीत अशा पांच ओळी सोप्या मराठींत लिहिल्या. मुलीला समोर बसवून त्या पांचही गोष्टी तिच्या हातून करवून घेतल्या. जेथें ती अडली तेथें चूक तिची न मानतां आमचें वाक्य बदललें. मग तो कागद लॅपटॉपच्या तळाला चिकटविला.

मुलगी आतां लातुरास शिकते. परवां सुट्टींत आली तेव्हां लॅपटॉप घेऊन आम्हांला भेटावयास आली. आमचा कागद झिजून फाटला होता. त्याच्या जागीं तिनें आपल्या हातानें नवा लिहून लावला होता. आमच्या पांचही ओळी तींत होत्या, मात्र प्रत्येकीचा क्रमांक एकानें पुढें सरकला होता. पहिल्या क्रमांकावर तिची स्वतःची ओळ होती: ‘आधी फोनचं नेट जोडून आपलं काम उरकून घ्यावं.’ शिक्षकाच्या संवयीनें कांहीं दुरुस्ती सुचवावी म्हणून आम्हीं ती ओळ पुन्हां एकदां वाचून पाहिली. सुचली नाहीं.